कॉलेजात असतानाच धंदा करताय? हिशेबातल्या या चुका टाळा

परळला माझ्याकडे कॉलेजची मुलं हिशेब लावून घ्यायला येतात. लोगो तयार असतो, इन्स्टाग्रामवर पेज असतं. रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, मागितला की मोबाइलवर यूपीआयची यादी दाखवतात. त्यात गिऱ्हाइकाचे पैसे, आईने पाठवलेले पैसे आणि वडापावचं बिल एकाखाली एक. यातून नफा काढायचा कसा? धंद्याचं खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा आणि स्वतःच्या खर्चाला त्यातून महिन्याची ठरलेली रक्कमच उचला.

सगळ्यात जास्त मुलं बुडतात ती विक्रीतला फरक सरळ नफा धरल्यामुळे. लालबागच्या दोघा मित्रांनी दहीहंडीला एका गोविंदा पथकाची ३०० टी-शर्टची ऑर्डर घेतली. कोरा टी-शर्ट १४० रुपये, छपाई ५०, भाव २५०. नगामागे ६० सुटतात, म्हणजे १८,००० आपलेच, असं धरून एकाने ॲडव्हान्समधून नवा फोन घेतला. छपाईत २२ नग खराब निघाले. सॅम्पल आणि टेम्पोत ३,००० गेले. २७८ नगांचे ६९,५०० येणार होते आणि खर्च झाला होता ६०,०००. उरले ९,५००. तेही कागदावर, कारण पथकाने २०,००० दिवाळीपर्यंत थकवले. छपाईवाला दारात उभा राहिला तेव्हा बहिणीच्या क्रेडिट कार्डावरून पैसे काढले. त्यावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर.

मग वाटणीवरून जुंपली. एकाने ४५,००० घातले होते, दुसऱ्याने १२,००० घालून सगळी धावपळ केली होती. लिहिलेलं काहीच नव्हतं. १९३२चा भागीदारी कायदा सांगतो की वेगळं ठरलेलं नसेल तर नफा-तोटा समसमान, भांडवल कुणाचं कितीही असो, आणि धावपळीचा मोबदलाही नाही. दोघांनाही ते अन्यायाचं वाटलं. आज ते एकमेकांशी बोलत नाहीत आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. एक पानभर करार आधी केला असता तर हे टळलं असतं.

माझी पद्धत जुनी आहे. शंभर पानी वही, तीन रकाने: आले, गेले, येणे. रोज रात्री लिहायचंच. ॲप वापरा, माझी हरकत नाही, पण आठवड्याने आठवून भरणार असाल तर वहीच बरी. भाव सांगताना दहा टक्के माल वाया जाणार असं धरा. अर्धे पैसे आधी, उरलेले माल हातात देण्यापूर्वी. 'ओळखीचं मंडळ आहे' हे कारण मला पटत नाही. उधारी ओळखीतच थकते.

'माल आणायला महिना आहे, तोवर भांडवल शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या सौद्यांत फिरवू' हा शॉर्टकट तर अजिबात नको. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४च्या अभ्यासात तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनचे सौदे, करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले.

घरून केक विकत असाल तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी आधी करा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते. तिचे पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.