प्रचारपत्रक आणि फ्लेक्सवरची ‘मुद्रक-प्रकाशक’ ओळ : या चुका टाळा

लोकसभा किंवा विधानसभा लागली की प्रेसमध्ये रात्रंदिवस मशीन चालू असते, आणि त्या घाईत तळाची एक बारीक ओळ हमखास राहते : मुद्रक कोण, प्रकाशक कोण, दोघांचे पत्ते काय. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७-क प्रमाणे ही ओळ नसलेलं प्रचारपत्रक किंवा पोस्टर छापणं हा गुन्हा आहे आणि प्रसिद्ध करणं हाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाचा आकडा ऐकून लोक हसतात, कैदेचा विसरतात.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘प्रकाशक’ या शब्दाचा. फ्लेक्सच्या तळाला ‘शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार’ किंवा ‘सौजन्य : अमुक तरुण मंडळ’ टाकायची सवय आपल्याकडे इतकी मुरली आहे की तेवढ्यावर भागेल असं वाटतं. भागत नाही. मित्रपरिवाराला पत्ता नसतो. छपाईचं काम देणाऱ्या माणसाचं पूर्ण नाव आणि पत्ता लागतो. काम पक्षाकडून आलं असेल तर पदाधिकाऱ्याचं नाव, पद आणि कार्यालयाचा पत्ता टाकावा. मुद्रकाच्या जागी डिझायनरचा मोबाईल नंबर, हीसुद्धा नेहमीची गफलत. कोरलची (डिझाइन सॉफ्टवेअरची) फाईल कुणी बनवली ते इथे गौण आहे, मशीन कुणाकडे चालली ते सांगायचं असतं.

कायदा ही ओळ दर्शनी भागावर मागतो. पत्रकाच्या मागच्या पानावर, कोपऱ्यात आडवी टाकून उपयोग नाही. फ्लेक्सचं दुखणं वेगळं. दहा बाय वीसचा फ्लेक्स फ्रेमवर ताणताना कडेचा दोन-तीन इंच भाग मागे दुमडला जातो आणि नेमकी ओळ तिथेच असते. स्क्रीनवर दिसते, चौकात दिसत नाही. म्हणून खालच्या कडेपासून निदान सहा इंच आत घ्या, आयलेटच्या (दोरी ओवायच्या कड्यांच्या) रेषेत येऊ देऊ नका. अक्षराचा आकार कायद्यानं ठरवलेला नाही, पण एवढ्या फ्लेक्सवर दीड-दोन इंचांपेक्षा लहान अक्षर खालून वाचता येत नाही. पिवळ्यावर पांढरं करू नये, पांढऱ्या पट्टीवर काळं सरळ बसतं. होर्डिंगला हे लागू नाही, या समजावरही राहू नका : एप्रिल २०२४ मध्ये निवडणूक आयोगानं होर्डिंगवरही मुद्रक-प्रकाशकाची ओळख असावी, असे निर्देश दिले आहेत.

ओळ बरोबर आली तरी कागदपत्रांत माती होते. छपाईच्या आधी प्रकाशकानं आपल्या ओळखीबाबतचं सही केलेलं घोषणापत्र मुद्रकाला द्यायचं असतं, दोन प्रतींत, आणि प्रकाशकाला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांनी ते साक्षांकित केलेलं असावं लागतं. प्रेसमधल्याच दोन कामगारांच्या सह्या घेऊन मोकळं होणं धोक्याचं. ते प्रकाशकाला ओळखत नसतील तर साक्षांकनाला अर्थच उरत नाही. छपाईनंतर मुद्रकानं तीन दिवसांच्या आत घोषणापत्राची एक प्रत, छापील नमुना आणि त्याच्या तीन जादा प्रती पाठवायच्या. सोबत आयोगाच्या फॉर्ममधली माहिती : किती प्रती छापल्या, कागदासह किती पैसे घेतले. हा आकडा उमेदवाराच्या खर्चाशी ताडून पाहिला जातो. बिल एक आणि फॉर्ममध्ये दुसरंच, असं झालं तर मुद्रक आणि उमेदवार दोघंही उत्तरं देत बसतात. त्याच पत्रकाच्या आणखी दोन हजार प्रती निघाल्या तर त्यांचीही माहिती कळवा.

पाठवायचं कुठे? मतदारसंघ पाहून नव्हे, छपाई कुठे झाली ते पाहून. साताऱ्याच्या उमेदवाराचं पत्रक कोल्हापुरात छापलं तर कागद कोल्हापूरच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात जातात. बेळगावात छापलं तर बेळगावला. मुंबईत म्हणजे राजधानीत छापलं तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

‘हे छापील नाहीच, झेरॉक्स आहे’ हा बचाव टिकत नाही. हातानं नक्कल करणं सोडून प्रती काढण्याची कोणतीही पद्धत कायद्याच्या लेखी छपाईच. सूट आहे ती फक्त सभेची तारीख, वेळ, ठिकाण असा तपशील कळवणाऱ्या पत्रकाला आणि कार्यकर्त्यांच्या नेहमीच्या सूचनांना. त्याच पत्रकात ‘प्रचंड मतांनी विजयी करा’ घुसलं की सूट गेली.

उत्साही समर्थकांसाठी वेगळी गोष्ट. उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय त्याच्या प्रचाराच्या जाहिरातीवर वा पत्रकावर खर्च केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आधी चिठ्ठी घ्या, मग ऑर्डर द्या. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे त्याचे आदेश पाहावेत.

ओळ राहिल्याचं छपाईनंतर लक्षात आलं तर आधी गठ्ठे प्रेसमध्येच थांबवा. कडेला जागा असेल तर त्याच प्रेसमध्ये दर्शनी बाजूवर ओळ पुन्हा छापून घ्या आणि नमुना म्हणून दुरुस्त प्रतच पाठवा. जागा नसेल तर ते कागद रद्दीत घालून नव्यानं छापा. रबरी शिक्का मारत बसू नका. हजारात पन्नास प्रती कोऱ्या सुटतात, आणि तक्रारदाराच्या हाती त्यातलीच एक पडते.