स्कूटरचं ट्यूनिंग घरच्या घरी: स्क्रूला हात सर्वांत शेवटी

पिकअप पडलं किंवा गाडी सिग्नलला बंद पडायला लागली की पहिला हात जातो कार्बोरेटरच्या स्क्रूकडे. अर्धा फेरा इकडं, पाव फेरा तिकडं. दोन दिवस गाडी बरी वाटते, मग अॅव्हरेज कोसळतं आणि सकाळी किका मारून पाय दुखायला लागतो. खरा दोष बहुतेक वेळा दुसरीकडंच असतो: चोंदलेला फिल्टर, झिजलेला प्लग, घट्ट झालेला टॅपेट (इंजिनाचा व्हॉल्व्ह उघडणारा भाग), नाहीतर निम्मा लागून राहिलेला ब्रेक. हे सगळं तपासून झाल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही.

खालचं सगळं 110 ते 125 सीसीच्या बिनगिअरच्या, हवेनं थंड होणाऱ्या फोर-स्ट्रोक स्कूटरसाठी आहे. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत फ्यूएल इंजेक्शन आलं. त्यात पेट्रोल-हवेचं मिश्रण कॉम्प्युटर ठरवतो, आपण फिरवायचं काही उरत नाही. बाकीची कामं मात्र तीच.

हत्यारं फार लागत नाहीत. 8, 10, 12 आणि 14 चे रिंग पाने, बहुतेक गाड्यांना चालणारा 16 मिमीचा प्लग पाना, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पाती), साधा मल्टिमीटर, नरसाळं, मिलिलिटरच्या खुणा असलेलं मापाचं भांडं आणि जुन्या ऑइलसाठी आडवा कापलेला कॅन. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत किंवा उद्यमनगरात अर्ध्या तासात सगळं मिळून जातं. टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानंच आवळणारा) कुणाकडून मागून आणता आला तर उत्तम.

इंजिन ऑइल

स्कूटरला ‘जेएएसओ एमबी’ (बाटलीवर JASO MB) या जपानी दर्जाचं ऑइल लागतं. मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून तिला ‘एमए’. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, त्यामुळे घर्षण कमी करणारं एमबी चालतं आणि त्यानं अॅव्हरेजही राखलं जातं. ग्रेड बहुतेक 10डब्ल्यू-30, काही गाड्यांना 10डब्ल्यू-40. ऑइल बदलताना साधारण 650 ते 700 मिली बसतं. अचूक आकडा मॅन्युअलमध्ये असतो. बाटली 800 मिलीची आहे म्हणून सगळी ओतू नका. जास्तीचं ऑइल ब्रीदर नळीतून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी) एअर फिल्टरच्या डब्यात जातं, फिल्टर चिंब होतो आणि गाडी धूर सोडायला लागते.

इंजिन तीन-चार मिनिटं चालवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. गाडी मेन स्टँडवर सपाट जागी हवी. ड्रेन बोल्ट सोडा, ऑइल पूर्ण निथळू द्या. जाळी असलेल्या मॉडेलची जाळी काढून पेट्रोलनं धुवा. बोल्टचं वॉशर दर वेळी नवं घाला, किंमत चहापेक्षा जास्त नसते. बोल्ट आधी बोटांनी पूर्ण बसवायचा, मग पान्यानं बेतानं आवळायचा. केसिंग अॅल्युमिनियमचं आहे, मनगटाऐवजी खांद्याचा जोर लावला की आटे गेलेच. उद्यमनगरात आटे पाडून मिळतात, पण त्यासाठी गाडी ढकलत न्यावी लागते.

पातळी बघताना डिपस्टिक (झाकणाला जोडलेली मापाची काडी) पुसा, भोकात नुसती टेकवा, आटे फिरवू नका, आणि बाहेर काढून बघा. पावसाळ्यात झाकणाच्या आतल्या बाजूला दुधावरच्या सायीसारखा पांढरट थर दिसतो. घरापासून महाद्वार रोडपर्यंत दोन किलोमीटर जायचं आणि परत यायचं, एवढ्यानं इंजिन पुरतं तापत नाही आणि आतली वाफ उडून जात नाही. थर फक्त झाकणाला असेल आणि काडीवरचं ऑइल स्वच्छ असेल तर चिंता नाही. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवा. काडीवरचंच ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, गाडी सुरू करू नका.

मागच्या चाकाजवळच्या गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं. जेमतेम 100 ते 120 मिली, आणि बहुतेकांनी गाडी घेतल्यापासून बदललेलं नसतं. ग्रेड मॅन्युअलप्रमाणे. जुनं ऑइल गटारात ओतलं की जयंती नाल्यातून थेट पंचगंगेत जातं. कॅनमध्ये भरून गॅरेजवर द्या, तिथून ते विकत घेणारे घेऊन जातात.

एअर फिल्टर

कोल्हापूरला फिल्टरचे दोन शत्रू. गळीत हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची धूळ आणि साखर कारखान्याच्या चिमणीतून पडणारी काळी राख, आणि शिरोळी-गोकुळ शिरगावच्या बाजूला फौंड्रीची बारीक वाळू. मॅन्युअलमधलं किलोमीटरचं अंतर चांगल्या रस्त्यासाठी धरलेलं असतं. रोज एमआयडीसीत जाणाऱ्यानं त्याच्या निम्म्यावर फिल्टर उघडून बघावा.

कागदी फिल्टर हाताला तेलकट लागला तर तो मुद्दाम तेल लावलेला असतो. तो धुवायचा नाही, हवेनं फुंकायचाही नाही, सरळ बदलायचा. फुंकला की तेलासोबत अडकलेली धूळ कागदात आणखी खोल जाते. स्पंजचा फिल्टर मात्र साबणाच्या पाण्यात धुवून, सावलीत पूर्ण वाळवून, इंजिन ऑइलमध्ये बुडवून दोन्ही तळव्यांत दाबून काढा. पिळू नका, फाटतो. फिल्टरच्या डब्याखाली बूच लावलेली एक छोटी नळी लोंबत असते. पावसाळ्यात दर महिन्याला तिचं बूच काढा, काळपट पाणी आणि ऑइल गळून जाईल. ही नळी वर्षानुवर्षं कुणी बघत नाही.

प्लग आणि टॅपेट

प्लग थंड इंजिनवर काढा. काढण्याआधी भोवतालची माती फुंकून घ्या, नाहीतर ती थेट सिलिंडरात पडते. टोक विटकरी-तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा फिल्टर चोंदलेला. ओलसर, चकचकीत काळं म्हणजे ऑइल वर येतंय. पांढरंफटक म्हणजे हवा जास्त, इंजिन तापतंय. गॅप बहुतेक मॉडेलना 0.8 मिमीच्या आसपास, फिलर गेजनं मोजा. बसवताना पान्याशिवाय, बोटांनीच आटे धरून टेकेपर्यंत फिरवा. मग नवा प्लग असेल तर साधारण अर्धा फेरा आणि जुनाच असेल तर अगदी थोडा आवळा.

टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातलं अंतर, किती ठेवायची हा आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, अंदाजानं करायचं काम नाही. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. फ्लायव्हीलवरची ‘टी’ खूण केसिंगच्या खुणेशी जुळवा आणि दोन्ही रॉकर हलतात का बघा. हलत नसतील तर पिस्टन चुकीच्या फेऱ्यावर आहे, आणखी एक पूर्ण फेरा द्या. फिलर गेजची पात सरकताना किंचित अडली पाहिजे, वहीच्या पानांतून पट्टी ओढावी तशी. टकटक आवाज करणारा ढिला टॅपेट त्रासदायक असतो, पण घातक असतो तो घट्ट टॅपेट. आवाज काहीच येत नाही, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि तापलेली गाडी पेट्रोल पंपावर बंद केली की पुन्हा लवकर सुरू होत नाही.

ब्रेक, हवा आणि पन्हाळ्याचा उतार

ब्रेक लिव्हरला साधारण 10 ते 20 मिमीचा मोकळा खेळ हवा. मागच्या चाकाजवळचा नट घड्याळाच्या दिशेनं फिरवला की खेळ कमी होतो. त्या नटाच्या तोंडाला अर्धगोल खाच असते आणि ती गोल पिनेवर बरोबर बसली पाहिजे. खाच तिरकी राहिली तर पहिल्या जोरदार ब्रेकला ती जागेवर बसते आणि सेटिंग अचानक ढिलं पडतं. नट फिरवल्यावर हातानं आर्म (नट बसतो ती ब्रेकची दांडी) पुढं दाबून खात्री करा, मग मेन स्टँडवर चाक फिरवून बघा. ते मोकळं फिरलं पाहिजे. आर्मवरचा बाण ब्रेक पूर्ण दाबल्यावर ड्रमवरच्या खुणेपर्यंत पोचला की लायनर (ड्रमला घासून ब्रेक लावणारे पट्टे) संपले, आता नट कितीही आवळून उपयोग नाही.

चार महिने पावसात भिजल्यावर ब्रेकची कॅम-पिन (आर्मनं फिरून लायनर पसरवणारी) गंजून अडकते. लिव्हर सोडला तरी ब्रेक निम्मा लागलेला राहतो, ड्रम तापतो आणि लोक म्हणतात, ‘गाडीला पिकअप नाही.’ पिन काढून पॉलिश पेपरनं घासा आणि ग्रीसचा पातळ हात द्या, लायनरला मात्र ग्रीसचं बोटही लागता कामा नये.

पन्हाळा किंवा जोतिबाहून उतरताना पेट्रोल वाचवायला किल्ली बंद करणारे बरेच आहेत. वेग कमी झाला की स्कूटरचा क्लच आपोआप सुटतो, मग इंजिनाचा अटकाव उरतच नाही आणि सगळा भार ड्रमवर येतो. ड्रम तापले की ब्रेक लागेनासे होतात. इंजिन चालू ठेवा, ब्रेक सतत धरून न ठेवता थोडा-थोडा लावा आणि सोडा.

10 इंची चाकांच्या 110 सीसी गाडीला हवा साधारण पुढं 22, मागं एकट्यासाठी 29 आणि डबलसीटला 36 पीएसआय. दोन्ही चाकांत सरसकट 40 भरून दिली तर घ्यायची नाही, ओल्या रस्त्यावर पुढचं चाक आधी घसरतं.

बेल्ट आणि बॅटरी

इंजिनचा आवाज चढतो पण गाडी पळत नाही, असं झालं की इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडं नेणारा बेल्ट घसरतोय किंवा पुढच्या पुलीतले रोलर एका बाजूनं सपाट झालेत. डावं कव्हर उघडून बेल्टला आतून तडे आहेत का बघा. बेल्ट साधारण 20 ते 24 हजार किलोमीटरला बदलण्याची वस्तू आहे. आतली धूळ कोरड्या ब्रशनं काढा, आणि किंचाळणाऱ्या बेल्टवर ऑइल सोडण्याचा मोह टाळा. पुलीचा मोठा नट उघडायला होल्डर लागतो आणि तो ठरलेल्या टॉर्कनंच आवळावा लागतो. हे काम फिटरकडं दिलेलं बरं.

बॅटरी रात्रभर उभ्या गाडीवर 12.6 व्होल्टच्या वर हवी. 12.4 च्या खाली असेल तर चार्ज करा. गाडी रेस केल्यावर टर्मिनलवर 14 ते 14.5 दिसले तर चार्जिंग चालू आहे. तसं नसेल तर नवी बॅटरी आणूनही महिन्यात तीच रड.

पाणी शिरलं तर

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. नदीकाठच्या भागात गाडी बेसमेंटला असेल तर 39 ची वाट बघू नका, आधीच वरच्या रस्त्यावर न्या. बुडालेली गाडी सेल्फ मारून सुरू करायची नाही, सिलिंडरात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. प्लग काढून, भोकावर फडकं धरून, सावकाश किक मारत पाणी बाहेर काढा. इंजिन आणि गिअर दोन्ही ऑइल बदला, फिल्टर नवा टाका, बेल्टचं कव्हर उघडून वाळवा. सुरू झाल्यावर 40-50 किलोमीटरनं इंजिन ऑइल पुन्हा बदला.

टाकीत पाणी गेल्याची शंका असेल तर कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडून थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत धरा. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्या उसाचं. थोडं पाणी ते पोटात घेतं, पण जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. बाटलीत दोन थर दिसले तर सगळी टाकी रिकामी करा.

आता स्क्रू

इथपर्यंतचं सगळं झालं असेल आणि गाडी कार्बोरेटरची असेल, तरच पुढं. गाडी दहा मिनिटं चालवून तापवा. दोन स्क्रू असतात. मोठा, हातानं फिरणारा बहुतेक वेळा आयडलचा, म्हणजे एक्सिलेटर न पिळता इंजिन ज्या वेगानं फिरतं त्याचा. छोटा, खोल बसलेला मिश्रणाचा. छोटा स्क्रू हलक्या हातानं आत फिरवत फेरे मोजा, टेकला की थांबा. जोरानं आवळला तर टोक चेपतं आणि कार्बोरेटर कायमचा बिघडतो. मोजलेला आकडा लिहून ठेवा आणि तितकेच फेरे बाहेर आणा. तिथून पाव-पाव फेरा दोन्ही बाजूंना फिरवत, दर वेळी दहा-पंधरा सेकंद थांबून, आयडल सर्वांत जास्त चढते ती जागा शोधा. मग मोठ्या स्क्रूनं आयडल 1700 आरपीएमच्या आसपास उतरवा. मीटर नसेल तर सोपी खूण: गाडी बंद पडत नाही आणि स्टँडवर मागचं चाक ओढ घेत नाही. एक्सिलेटर झटकन पिळून सोडा. अडखळली तर पाव फेरा बदलून पुन्हा बघा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर रेस चढत असेल तर दोष एक्सिलेटर केबलचा, कार्बोरेटरचा नाही. मुठीला 2 ते 6 मिमीचा खेळ द्या आणि फेऱ्यांचा कागद डिक्कीत, पीयूसीच्या शेजारी ठेवा.