डोमेनच्या नावात गाव नको

आमचं आडनाव ‘कर’वर संपतं. ते गाव कोकणात कुठेतरी आहे. घरातल्या कुणी पाहिलेलं नाही. कुणी पूर्वज होळकरांच्या चाकरीला माळव्यात आला, गाव सुटलं आणि आडनाव तेवढं राहिलं. पहिल्या नोकरीत ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा, म्हणजे विंडोज नेटवर्कवर कंपनीची खाती आणि मशीन सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा, आराखडा पाहिला तेव्हा हेच आठवलं. डोमेन म्हणजे एकत्र सांभाळलेल्या खात्यांचा आणि मशीनचा गट. वर एक रिकामं रूट (मुळाचं) डोमेन, खाली इंदूर, मुंबई आणि हैदराबाद अशी तीन चाइल्ड डोमेन. ‘हैदराबाद’चे सगळे सर्व्हर तोवर पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये हलले होते, नाव मात्र तसंच. नवीन माणूस आला की तो हमखास चुकीच्या ठिकाणी फोन लावायचा.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी पाटी-पेन्सिल घेण्याआधी एवढं पक्कं करावं: शहर दाखवायला डोमेन नसतं, साइट असते. साइट म्हणजे आपापसात चांगल्या वेगाने जोडलेल्या सबनेटांचा (आयपी पत्त्यांच्या पट्ट्यांचा) गट. इंदूर, मुंबई, पुणे या तीन साइट, आणि तिन्हीत एकच डोमेन. इंदूरच्या हेल्पडेस्कला फक्त इंदूरच्या लोकांचे पासवर्ड बदलू द्यायचे असतील, तर ऑर्गनायझेशनल युनिट (डोमेनच्या आतला खात्यांचा कप्पा) करून तेवढाच अधिकार द्या. वेगळं डोमेन लागत नाही.

मग जुन्या लोकांनी इतकी डोमेन का केली? ते काही वेडे नव्हते. विंडोज सर्व्हर 2008 येईपर्यंत एका डोमेनमध्ये पासवर्डचं एकच धोरण चालायचं. लेखा विभागाला 12 अक्षरं आणि बाकीच्यांना 8 हवी असतील तर दुसरं डोमेन उभारणं भागच होतं. ती अडचण केव्हाच गेली. दुसरं कारण मात्र मला अजून मुलाखतींत ऐकू येतं: ‘सुरक्षेसाठी वेगळं डोमेन.’ इथे थांबा. एका फॉरेस्टमधल्या (एकमेकांवर विश्वास ठेवणाऱ्या डोमेनांच्या समूहातल्या) चाइल्ड डोमेनचा ॲडमिन फितूर झाला तर तो पूर्ण फॉरेस्टपर्यंत पोहोचू शकतो. खरी भिंत फॉरेस्टची. क्लायंटचा डेटा खरोखरच वेगळा ठेवायचा असेल तर वेगळं फॉरेस्ट करा. आणि हिशेबही मांडा: प्रत्येक डोमेनला किमान 2 डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारे सर्व्हर), म्हणजे आमच्या चार डोमेनना 8. पॅचिंग, बॅकअप आणि रात्रीचे फोन त्याच पटीत.

आता माझी फजिती. आमच्या इंदूरच्या ऑफिसने विजयनगरात आणखी एक मजला घेतला. दुसऱ्या दिवसापासून तिथल्या लोकांची तक्रार: सकाळी लॉगिन व्हायला इतका वेळ लागतो की तोवर खाली जाऊन पोहे-जलेबी खाऊन येता येतं. मी दोन दिवस स्विच आणि केबल तपासत बसलो. शेवटी टीममधल्या दादांनी विचारलं, “भिया, सबनेट नोंदवलंस का?” नव्हतं नोंदवलं. मशीन आपल्या आयपीवरून साइट ओळखते, आणि त्या साइटचा डोमेन कंट्रोलर डीएनएसमधल्या एसआरव्ही नोंदींतून (कुठली सेवा कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या) शोधते. सबनेट कुठल्याच साइटला जोडलेलं नसेल तर कुठलाही कंट्रोलर पुढे येतो. आमच्या वाट्याला पुण्याचा यायचा. डोमेन कंट्रोलरवरच्या नेटलॉगॉनच्या (लॉगिन सांभाळणाऱ्या सेवेच्या) लॉगमध्ये ‘नो क्लायंट साइट’च्या ओळींची रांग लागली होती. मी ती फाइल एकदाही उघडली नव्हती.

म्हणून आयपीची आखणी आणि साइटची आखणी एकाच कागदावर करा. इंदूरला 10.10, मुंबईला 10.20, पुण्याला 10.30, असा प्रत्येकाला पूर्ण /16 (पहिले दोन आकडे ठरलेले, बाकीचे मोकळे) द्या. एकेकात 65,536 पत्ते बसतात. मधले आकडे मुद्दाम मोकळे सोडा. साइटला /16 एकदा नोंदवलं की नव्या मजल्याचं सबनेट आपोआप त्यात येतं.

दुसरी अडचण रेप्लिकेशनची, म्हणजे एका कंट्रोलरवरचा बदल बाकीच्यांवर उतरण्याची. एका साइटच्या आत बदल काही सेकंदांत पसरतो. दोन साइटमध्ये मात्र मूळ सेटिंग 180 मिनिटांचं असतं. साइट लिंकच्या (दोन साइटमधल्या जोडणीच्या) सेटिंगमध्ये ते 15 पर्यंत खाली आणता येतं. मुंबईत खातं उघडलेला नवा मुलगा इंदूरला सकाळी लॉगिन करू शकत नाही, आणि कुणीतरी घाईघाईने तेच खातं इथेही उघडतं. मग दोघांची टक्कर होते आणि निस्तरायला दुपार जाते. पासवर्ड बदलला तर इतका त्रास होत नाही, कारण स्थानिक कंट्रोलरला तो चुकीचा वाटला तरी नाकारण्याआधी तो पीडीसी एम्युलेटरला, म्हणजे पासवर्डचे बदल लगेच कळणाऱ्या कंट्रोलरला, विचारून घेतो. म्हणून तो रोल (एकाच कंट्रोलरकडे असणारं खास काम) आणि तसे बाकीचे चार सगळ्यात भरवशाच्या साइटवर ठेवा.

नावाबद्दल थोडक्यात. ‘.लोकल’ घेऊ नका, ते मल्टिकास्ट डीएनएससाठी (स्थानिक नेटवर्कवर उपकरणं एकमेकांना नावाने शोधतात त्या पद्धतीसाठी) राखीव आहे. कंपनीच्या वेबसाइटचं नावही जसंच्या तसं घेऊ नका. ऑफिसातून तो पत्ता उघडला की डोमेन कंट्रोलर समोर येतो आणि मार्केटिंगवाले तुमच्या टेबलाशी. आपल्याच नोंदवलेल्या नावाखाली एक छोटं उपनाव पुरतं, शहराचं सोडून कुठलंही.

हे सगळं घरी करून पाहता येतं. 16 जीबी रॅमचा लॅपटॉप, विंडोज सर्व्हरची 180 दिवसांची चाचणी आवृत्ती, आणि तीन व्हर्च्युअल मशीन: दोन डोमेन कंट्रोलर वेगवेगळ्या सबनेटमध्ये, मध्ये एक राउटर. दोन साइट करा, एकीकडे खातं उघडा आणि दुसरीकडे शोधा. सापडणार नाही. लगेच सर्व्हर पुसून नव्याने बसवू नका, मी तसं दोनदा केलं आहे. साइट लिंकचं सेटिंग उघडा आणि तिथला आकडा वाचा.