आधी धुरा साफ करा, फवारणी मागून

नागपूर जिल्ह्यात कोंढाळी, काटोल, पारशिवनीकडे ज्यांची संत्र्याची बाग जंगलाला लागून आहे, त्यांनी या आठवड्यात बाकी कामं बाजूला ठेवावीत. मोहफुलं पडू लागली की ती वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. पुढे तेंदूपानांच्या हंगामात पुन्हा तेच. मोह लवकर पडला की वणवेही लवकर, असा माझा अंदाज आहे. आग बागेत शिरते ती धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, वाळल्या कुसळी गवतातून, आणि दरवर्षी धुरा तसाच असतो.

दुकानदार तणनाशक देतो. तण मरतं, पण उभंच वाळतं, म्हणजे पैसे देऊन सरपण तयार केलं. गवत कापा, ओढून काढा, आणि जंगलाकडच्या बाजूला दहा-बारा फुटांचा पट्टा वखरून माती उघडी करा. धुरा पेटवून साफ करू नका. दुपारच्या वाऱ्यात आग आवरत नाही. राखीव जंगलात गेली तर भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे.

मृग बहारासाठी (पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा) ताणावर सोडलेल्या बागेला जास्त धोका. पाणी बंद, माती कोरडी, पानगळ होऊन बुडाशी पाला. तो पाला गोळा करा आणि टाकी भरलेली ठेवा. गवताचं आच्छादन एरवी चांगलंच, पण जंगलाकडच्या पहिल्या दोन ओळींत मी ते ठेवू देणार नाही. ठिबकच्या नळ्याही धुऱ्यापासून आत ओढा; आग पोचायच्या आधी झळेनेच त्या वितळतात. कुटार, तुराट्या, पराट्या अशा वाळल्या काडीकचऱ्याचे ढीग गोठ्याजवळ नकोत.

इतर कामे:
- अंबिया बहाराला (हिवाळ्याच्या शेवटी फुललेला) संध्याकाळी पाणी
- फळगळ: जिबरेलिक आम्ल 1.5 ग्रॅम + युरिया 1 किलो, 100 लिटर पाण्यात
- कोळी (रस शोषणारी बारीक कीड): विद्राव्य गंधक 3 ग्रॅम प्रति लिटर, भर उन्हात नको
- सल (वाळलेल्या फांद्या) काढणे

धूर दिसला की वनविभागाच्या 1926 वर लगेच फोन करा. जनावरांची दावी आधी सोडा. विझवायला एकट्याने जाऊ नका, अंगावर सुती कपडे हवेत, आणि वारा पाठीवर घेऊन उभे राहा. ज्वाळा डोक्याच्या वर गेल्या तर बाग सोडा.

झळ लागलेलं झाड लगेच तोडू नका. 'झाड उठवणारं' महागडं टॉनिकही घेऊ नका. पान नसलेलं झाड ते कशाने पिणार? नखाने साल खरवडा, आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. खोडाला चुना लावा, पाणी थोडं थोडं द्या. पावसाळ्यात फूट निघाली की जिवंत लाकडापर्यंत छाटून कापावर बोर्डो मलम लावा: मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. दोन्ही वेगळे भिजवून मगच मिसळा, लोखंडी बादलीत नाही.