डिझेल इंजिन सोडून सौरपंप घ्यायचा असेल तर

विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा माझा धंदा. डिझेल फवारणारं नोझल झिजलं की इंजिन काळा धूर ओकतं आणि तो दारं धरणाऱ्याच्या, म्हणजे पिकाला पाणी देणाऱ्याच्या, नाकातोंडात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ सालीच हा धूर कर्करोगकारक ठरवलाय. शिवाय पाच एचपीचं इंजिन तासाला साधारण लिटरभर डिझेल पितं. ज्याच्या शेतात वीज नाही, त्याला मी एकच सांगतो: सौरपंपाचा अर्ज कर.

केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेत डिझेल पंपांच्या जागी सौरपंप देण्यासाठी वेगळा भागच आहे. आपल्या राज्यात तो महावितरणकडून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या नावाने मिळतो. खुल्या गटाने किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. बाकीचं सरकार भरतं. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्यापुढे साडेसात. शेतात आधीच वीजजोडणी असेल किंवा पूर्वीच्या योजनेतून सौरपंप घेतला असेल, तर मिळत नाही.

अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर भरायचा. त्याआधी सातबारा काढून नीट वाचा. विहीर किंवा बोअरची नोंद त्यावर हवीच. आजोबांच्या काळातली विहीर गावाला माहीत असते, पण सातबाऱ्याला माहीत नसते. नोंद नसेल तर पहिली फेरी तलाठ्याकडे. खातं सामाईक असेल तर बाकी खातेदारांचं संमतीपत्र स्टॅम्पपेपरवर लागतं. भावकीत ते मिळवायला वेळ जातो, म्हणून आधीच विषय काढा. आधार आणि लागू असेल तर जातीचा दाखला जोडा. गाव डार्क झोनमध्ये, म्हणजे भूजलाचा उपसा जास्त झालेल्या भागात, असेल तर भूजल विभागाचा ना-हरकत दाखलाही लागतो.

पैसे फक्त महावितरणची मागणी आल्यावर, त्यांच्याच संकेतस्थळावर भरा. कुसुमच्या नावाने बनावट संकेतस्थळं फिरतात आणि नोंदणी फी मागतात. फोनवर कुणी कितीही गोड बोलला तरी रुपया पाठवू नका.

हिस्सा भरला की यादीतून पुरवठादार निवडायचा आणि मग जागेची पाहणी होते. त्या दिवशी स्वतः हजर राहा, कारण पंपाचं हेड, म्हणजे पाणी किती उंच उचलायचं ते, तिथे ठरतं. मे महिन्यात पाणी किती खाली जातं ते दोरीला दगड बांधून आधीच मोजून ठेवा. पावसाळ्यातली पातळी सांगितलीत तर कमी हेडचा पंप येईल आणि ऐन उन्हाळ्यात पाणी वर येणार नाही. उगाच जास्त हेड घेतलंत तर तेवढ्याच पॅनेलवर पाणी कमी पडेल. पॅनेलची जागाही तेव्हाच दाखवा: दक्षिणेकडे मोकळी, आंब्या-बाभळीची सावली नसलेली. एका कोपऱ्यावर सावली पडली तरी धार बारीक होते.

पाच वर्षं दुरुस्ती पुरवठादाराकडे असते, विमाही असतो. कागद जपून ठेवा, चोरी झाली किंवा वादळात पॅनेल फुटलं तर लगेच कळवा. काचेवरची धूळ सकाळी गार असतानाच धुवा. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं की ती तडकू शकते.