वस्तीवर राहायला येताय? आगीची तयारी शिमग्याआधी करा

मी मूळचा चिपळूणकडचा, नोकरीसाठी सोलापुरात आलो आणि इथलाच झालो. हल्ली शहराबाहेर, रानात घर बांधून राहायला येणारी बरीच मंडळी भेटतात. बोअरला पाणी किती फुटांवर लागतं, लाईट किती तास असते, हे सगळे विचारतात. आगीचं कुणी विचारत नाही, म्हणून हे लिहितोय.

कोकणातला वणवा डोंगर चढत जातो. इथली आग माळावरच्या कुसळातून, बांधावरच्या वाळक्या गवतातून आणि उसाच्या पाचटातून पळते. वन खातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतं. मशागतीआधी कुणी बांध पेटवतो, दुपारी वारा सुटतो, की आग पेटवणाऱ्याच्या हातात राहत नाही. कधी उसावर लोंबणाऱ्या तारा एकमेकींना घासतात आणि ठिणगी पडते. बंब तालुक्याच्या गावाहून निघणार आणि पुढे कच्चा रस्ता, त्यामुळे पहिला अर्धा-पाऊण तास तुमचं तुम्हालाच बघायचं आहे.

म्हणून शिमग्याआधी ट्रॅक्टर सांगून घराभोवती कुळवाच्या पाळ्या घाला. चारी बाजूंनी तीसेक फूट नुसती उघडी माती दिसली पाहिजे. पत्र्यावरचा आणि पन्हाळीतला लिंबाचा पाला दर आठवड्याला काढा. उडत आलेली ठिणगी नेमकी तिथेच धरते. शेजारी ऊस असेल तर तोड कधी आहे ते आधीच विचारून ठेवा. ‘मालक, पाचट पेटवणार असाल तर आदल्या दिवशी सांगा,’ एवढं म्हटलं तर कुणी वाईट मानत नाही. पाचटाची कुट्टी करून सरीतच कुजवायला तयार झाले तर फारच चांगलं, जमिनीलाही ते खत होतं.

कडब्याची गंज, इथे बनीमही म्हणतात, गोठ्याला टेकून लावायची सवय पुष्कळ ठिकाणी दिसते. पेंढ्या काढायला सोपं पडतं, हे खरं. पण गंज पेटली की गोठा वाचत नाही. ती घरापासून आणि गोठ्यापासून लांब, एकाऐवजी दोन ठिकाणी लावा आणि वरून वीजतार जात नाही ना ते बघा. जनावरांना गाठ मारताना एका ओढीत सुटेल अशी सरकगाठ मारा. म्हैस घाबरून मागे ताण देते, दावं करकचतं आणि साधी गाठ हातानं सुटत नाही. त्यासाठी गोठ्याच्या मेढीला एक धारदार विळा कायम अडकवलेला असू द्या. तो गवत कापायला न्यायचा नाही, हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा.

पाण्यासाठी बोअरच्या भरवशावर राहू नका, आगीत लाईट जाते. हौद भरलेला ठेवा. डाळिंबवाल्या शेजाऱ्याकडे ट्रॅक्टरवरचा फवारणी पंप असतो. बांधावरचं गवत ओलं करायला तो फार कामाला येतो, तेव्हा त्याच्याशी आजच बोलून ठेवा. पोलीस पाटलांना भेटून ग्रामसुरक्षा यंत्रणेत आपला नंबर नोंदवा. तिच्यावर एक फोन केला की नोंदवलेल्या सगळ्या गावकऱ्यांना तो निरोप जातो. १०१ आणि ११२ तर पाठच हवेत.

निघायचं कधी? धूर तुमच्या दिशेनं वळला की लगेच. ज्वाळा दिसेपर्यंत थांबू नका. म्हातारी माणसं आणि लेकरं आधी. गॅसचा रेग्युलेटर बंद करा, मेन स्विच पाडा, जनावरं सोडा. कागदपत्रांची पिशवी दाराशीच टांगलेली असावी: आधार, पासबुक, औषधं, जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर. गाडी रोज रात्री रस्त्याकडे तोंड करून लावा. आगीच्या पुढे पळू नका, वाऱ्याला आडवं निघा आणि नांगरलेलं रान किंवा डांबरी रस्ता गाठा. उभ्या उसात किंवा ओढ्यातल्या वेड्या बाभळीत कधीही शिरू नका.

आग विझली तरी गंज आतून धुमसत राहते आणि रात्री वाऱ्यानं पुन्हा पेट घेते, म्हणून राखणीला माणूस ठेवा. नुकसान झालं असेल तर काही हलवायच्या आधी फोटो काढा आणि तलाठ्याला बोलावून पंचनामा करून घ्या. तारेमुळे आग लागली असेल तर वीज कार्यालयात आणि पोलिसांतही लेखी कळवा.