इलेक्ट्रिक रंधा चालवताना या चुका टाळा

जुलैत चार दिवस पावसाची झड लागली की मुंबईतली दारं फुगतात आणि चौकटीला घासू लागतात. मग कोणीतरी भाड्याने इलेक्ट्रिक रंधा आणतो, पुढची मूठ फिरवून कापाची खोली थेट दोन मिलिमीटरवर नेतो आणि दाराची कड भराभर सोलतो. पाच मिनिटांत दार मोकळं होतं, सगळे खूश. ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, आणि दर पावसाळ्यात ती नव्याने होते.

दादरला एका ओळखीच्यांकडे कंत्राटदाराच्या पोरांनी हेच केलं. दार फ्लश डोअर होतं, म्हणजे बाहेरून सपाट आणि आत भराव असलेलं. त्याच्या कडेला सागवानी लिपिंगची बारीकशी पट्टी असते, ती जवळजवळ संपली आणि आतला भराव दिसायला लागला. हिवाळ्यात दार सुकून आकसलं तेव्हा फटीतून जिन्यातला दिवा दिसत होता. लॅचची जीभ चौकटीच्या खाचेत जेमतेम टेकायची, धक्का दिला की दार उघडायचं. मला बोलावलं तेव्हा दार उतरवून, कड सरळ करून, नवी सागवानी पट्टी फेव्हिकॉलने डकवून रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवावी लागली. वर पॉलिश जुळवायचं काम वेगळंच.

दार जोर लावून का होईना बंद होत असेल, तर ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत थांबा. थांबणं शक्यच नसेल तर चौकटीला खडू फासा, दार लावा, आणि जिथे खडू उमटेल तेवढ्याच जागी अर्ध्या मिलिमीटरचे हात मारा. दर दोन हातांनी दार लावून बघा. शेवटी वरच्या आणि खालच्या कडेला रंग किंवा पॉलिश लावाच. खालची कड बहुतेक सुतार कोरी सोडतात आणि दमट हवा तिथूनच लाकडात शिरते.

दुसरी चूक जुन्या लाकडाची. गिरगाव-लालबागच्या पाडलेल्या चाळींतलं सागवान मिळालं की लोकांना कधी एकदा रंधा मारतो असं होतं. त्यात डोकं तुटलेले खिळे असतात, वर रंगाचे थर. ८२ मिलिमीटर रुंदीच्या नेहमीच्या मशीनचा ड्रम, म्हणजे पाती बसवलेला फिरता रूळ, मिनिटाला साधारण १५-१६ हजार फेरे घेतो. त्या वेगात कार्बाइडचं पातं खिळ्यावर आपटलं की टवका उडतो आणि तो कुठे जाईल ते सांगता येत नाही. मी आधी रंग खरवडतो, मग जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून फळीवरून हळूहळू फिरवतो. खिळा असला की दोरी तिरकी होते. पितळी स्क्रू चुंबकाला सापडत नाहीत, म्हणून बिजागरीच्या जागा डोळ्यांनी तपासायच्या. लाकडात काळा डाग दिसला तर तिथे लोखंड आहे असंच धरून चाला. या कामाला अर्धा तास जातो. ज्याला तो अर्धा तास जड वाटतो, त्याने हातरंधाच वापरावा.

बाकीच्या चुका थोडक्यात. बटण सोडल्यावरही ड्रम काही सेकंद फिरत राहतो. तेवढ्यात मशीन जमिनीवर टेकवलं तर ते स्वतःच धावतं, कधी स्वतःचीच वायर कापतं. वायर खांद्यावरून मागे सोडा. भुशाचं तोंड तुंबलं तर आधी प्लग काढा, मग काडीने साफ करा, बोट घालू नका. हातमोजे नकोत, लोंबत्या बाह्या तर नकोतच. फळीच्या टोकांना खड्डे पडत असतील तर सुरुवातीला जोर पुढच्या मुठीवर द्या, शेवटी मागच्या. तरी पडले तर प्लग काढून मागच्या तळावर सरळ पट्टी ठेवा आणि ड्रम हाताने फिरवा: पात्याची धार पट्टीला नुसती स्पर्शून गेली पाहिजे. दोन्ही पाती एकदमच बदला. लाकडाची रेषा उलटी असेल आणि ढलप्या उपटून निघत असतील तर फळी फिरवून घ्या. जोर वाढवून काही होत नाही.

आणि मास्क. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे. तोंडाला रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही, एन-९५ घ्या. बंद खोलीत काम असेल तर शेजारी उभ्या असलेल्या पोरालाही द्या.